आपल्या दिवंगत वडीलधाऱ्यांची खरी आठवण

नोव्हेंबर महिन्यासाठी अभ्यासपाठ
वाचनासाठी : २ मक्काबी १२:३८-४५; बेनसिरा ४४:१-१५; मत्तय १:१-१६



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या दफनभूमीला जाग येते. कबरींवरचे गवत काढले जाते, क्रूस रंगवले जातात, झेंडूची आणि शेवंतीची फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. परगावी नोकरीला असलेली मुले सुटी काढून घरी येतात. ही आपली चांगली प्रथा आहे आणि ती टिकली पाहिजे.

या दिवसांत चर्चच्या कार्यालयात मृतांच्या नावांच्या याद्याही येतात. त्यांत बहुतेक नावे आपल्या आजी-आजोबांची, आई-वडिलांची, काका-मावश्यांची असतात. ती नावे मिस्सामध्ये ठेवली जातात. पण यादीतले नाव वाचले म्हणजे त्या माणसाची आठवण झाली का? ख्रिस्तसभेला मृतांचे स्मरण म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे? याच प्रश्नाचा या पाठात आपण विचार करणार आहोत.

१. आठवण येणे आणि आठवण करणे

आपल्या मराठीत ‘आठवण येणे’ आणि ‘आठवण करणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. आठवण येते ती आपोआप. ताटात आवडीची भाजी पडली की आई आठवते. त्यासाठी काही करावे लागत नाही. आठवण करणे मात्र काम आहे. त्याला वेळ द्यावा लागतो, विचार करावा लागतो, चार जणांना विचारावे लागते.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल यांनी स्मृती या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात ते सांगतात की स्मृती काही प्राण्यांनाही असते. परंतु शोध घेऊन, एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट धरत आठवणे हे फक्त माणसाला जमते, कारण त्यात बुद्धीचा व्यापार आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिले आणि हा विचार ख्रिस्ती शिकवणुकीत आणला.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना आपले स्मरण करण्याची आज्ञा दिली (लूक २२:१९). ही आज्ञा ‘माझी आठवण आली तर येऊ द्या’ अशी नव्हती. भाकर घेणे, आभार मानणे, मोडणे, वाटणे या कृतीतून स्मरण करायचे होते. म्हणून ख्रिस्ती माणसासाठी स्मरण हे कृत्य आहे. प्रत्येक मिस्सामध्ये आभारप्रार्थनेच्या वेळी आपण मृतांचे स्मरण करतो, तेही याच अर्थाने.

२. ख्रिस्तसभेची परंपरा

२ नोव्हेंबर हा दिवस मृत भाविकांसाठी पाळण्याची प्रथा फ्रान्समधील क्लुनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी सुमारे ९९८ साली आपल्या मठांत सुरू केली. तेथून ती हळूहळू सर्वत्र पसरली. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकाला, प्रायश्चित्त संस्कार, ख्रिस्तप्रसाद, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाच्या आसक्तीपासून मुक्त मन या अटींवर, पापाच्या शिक्षेची पूर्ण माफी मिळवता येते. ही माफी त्याला स्वतःसाठी ठेवता येत नाही. ती मृतांनाच द्यावी लागते.

या सगळ्यामागे एकच श्रद्धा आहे. कृपेत मरण पावलेला, पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा शुद्धिस्थानात असतो आणि आपल्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. म्हणजेच आपले मृतजन संपलेले नाहीत. त्यांना अजून काही हवे आहे आणि ते आपल्याकडून हवे आहे.

३. मक्काबींच्या पुस्तकातील धडा

या श्रद्धेचा आधार म्हणून ख्रिस्तसभा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाकडे बोट दाखवते. यहूदा मक्काबी लढाईनंतर आपल्या पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलायला गेला. त्यांना पूर्वजांच्या शेजारी पुरावे असा त्याचा हेतू होता. तेव्हा मेलेल्या प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्निया येथील मूर्तींना वाहिलेल्या वस्तू सापडल्या. नियमशास्त्राने त्या यहुद्यांना मना केलेल्या होत्या.

यहूदाने काय केले? हे सैनिक देवाच्या लोकांसाठी लढताना पडले होते. ‘शूर वीर होते, आता तो विषय कशाला,’ असे म्हणून त्या वस्तू गुपचूप पुरून टाकता आल्या असत्या. उलट, ‘पापी निघाले, यांच्यासाठी कशाला प्रार्थना,’ असे म्हणून पाठही फिरवता आली असती. त्याने दोन्ही केले नाही. सर्वांनी मिळून त्यांच्या पापाची क्षमा मागितली. मग यहूदाने माणसामाणसाकडून वर्गणी काढली, चांदीच्या दोन हजार द्राख्मा जमवल्या आणि पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवल्या.

येथे सत्य आणि प्रेम बरोबर चालतात. पाप झाकले नाही म्हणूनच प्रार्थना करता आली. हा आजच्या पाठाचा गाभा आहे : ज्याचे सत्य आपण लपवतो, त्याच्यासाठी आपण खरी प्रार्थना करू शकत नाही.

४. संत ऑगस्टीन आणि त्यांची आई

याचे सर्वात सुंदर उदाहरण संत ऑगस्टीन यांनी घालून दिले आहे. त्यांची आई संत मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तापाने मरण पावली. तेव्हा ती ५६ वर्षांची होती. आपल्या गावी, आफ्रिकेत, पतीच्या शेजारी आपली कबर असावी अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. पण अखेरच्या आजारात तिने मुलांना सांगितले की शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. मात्र जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

दहाएक वर्षांनी ऑगस्टीन यांनी ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या भागात आईचे जीवन लिहिले. तोवर ते बिशप झाले होते. आई किती भक्तिमान होती, तिने भांडणाऱ्यांत समेट कसा केला, सासूचे मन कसे जिंकले, हे सर्व त्यांनी सांगितले. पण त्याबरोबर हेही सांगितले की लहानपणी घरातल्या पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवल्यावर ती चोरून घोट घेत असे आणि पुढे पुढे पेले भरून पिऊ लागली होती. घरातल्या दासीने भांडणाच्या भरात तिला दारुडी म्हटले, ते तिला लागले आणि तिने ती सवय तिथेच सोडली. वडील पात्रिक स्वभावाने उदार, पण भयंकर रागीट होते आणि पत्नीशी एकनिष्ठ नव्हते, हेही मुलाने लिहून ठेवले. ते आयुष्याच्या शेवटी ख्रिस्ती झाले.

आणि हे सर्व लिहून झाल्यावर ते देवाजवळ आईच्या पापांची क्षमा मागतात आणि वाचकांना विनंती करतात की तुम्ही वेदीपाशी माझ्या आईची व वडिलांची आठवण करा. आपण तिला संत म्हणतो. तिच्या मुलाने मात्र तिच्यासाठी दयेची भीक मागितली. त्यात त्याला आईचा अपमान वाटला नाही.

१९४५ साली ओस्तिया येथे खोदताना मोनिकाच्या कबरीवरील संगमरवरी लेखाचा एक तुकडा सापडला. दगड फुटला होता. तिच्या मुलाने केलेली आठवण मात्र सोळाशे वर्षांनंतर आजही अखंड आहे, कारण ती खरी आहे. उतारवयात, सुमारे ४२१ साली, ऑगस्टीन यांनी मृतांच्या काळजीविषयी आणखी एक पुस्तिका लिहिली. अंत्ययात्रेचा थाट हा मृताच्या मदतीपेक्षा जिवंतांच्या समाधानासाठी असतो, असे ते तिच्यात सांगतात. तरीही देहाचा मान राखावाच, असेही ते बजावतात.

५. गुणगौरव की प्रार्थना?

आता आपल्या अंत्यविधीकडे पाहू या. अलीकडे आपल्याकडे मृताच्या गुणगौरवाची लांबलचक भाषणे होऊ लागली आहेत. नाक्यावर फ्लेक्स लागतो. त्यावर प्रत्येक जण प्रेमळ, परोपकारी आणि सर्वांचा आधारस्तंभ असतो. नाव आणि फोटो बदलला तर तोच मजकूर दुसऱ्याला चालतो. यात दुःख खरे असते, पण माणूस हरवतो.

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (परिच्छेद ३८२) सांगितले आहे की अंत्यविधीच्या मिस्सामध्ये थोडक्यात प्रवचन असावे, पण कोणत्याही प्रकारचे गुणगौरवपर भाषण नसावे. प्रवचनात आम्ही मृताच्या कौतुकाऐवजी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयी अधिक बोलतो, तेव्हा काही कुटुंबांना वाईट वाटते. त्यामागचे कारण समजून घ्यावे. मंडळी तिथे एका माणसाला देवाच्या दयेच्या स्वाधीन करायला जमलेली असते. ‘ते तर सरळ स्वर्गात गेले’ असे आपणच ठरवून टाकले, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी प्रार्थना कोण करणार? अंतिम निरोपाच्या विधीपूर्वी कुटुंबातील एकाने चार शब्द बोलावेत, याला ख्रिस्तसभेची मुभा आहे. ते चार शब्द त्या माणसाचेच असावेत, दुसऱ्या कुणालाही लागू पडणारे नसावेत.

आणखी एक गोष्ट आहे. ज्या घरात आजोबांचा दारूपायी धाक होता, त्या घरातली सून मागच्या बाकावर बसून ‘प्रेमळ स्वभावाचे’ हे शब्द ऐकते, तेव्हा तिला काय वाटत असेल? तिला खोटे ऐकावे लागते आणि वर रडावे लागते. पण आजोबांनी म्हातारपणी दारू सोडली, रोज संध्याकाळी रोजरीला बसू लागले आणि एके दिवशी त्या सुनेची क्षमा मागितली, हे सांगितले तर? ती आठवण त्यांच्या कौतुकाच्या शंभर भाषणांपेक्षा मोठी आहे. पवित्र शास्त्रही असेच करते. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत उरियाच्या पत्नीचा उल्लेख आहे, म्हणजे दावीदाचे पाप तिथे आहे. पेत्राने केलेला नकार चारही शुभवर्तमानांत आहे. एखाद्याला संतपद देण्याच्या चौकशीतसुद्धा ख्रिस्तसभा विरोधी साक्षी ऐकून घेते.

मात्र येथे एक मर्यादा पाळावी. खरे बोलणे म्हणजे चव्हाट्यावर आणणे नव्हे. कुणाचे गुपित पाप कारण नसताना उघड करणे हे स्वतःच पाप आहे, मग तो माणूस जिवंत असो वा मृत. म्हणून तीन कसोट्या ध्यानात ठेवाव्यात. जे सर्वांना माहीत होते, ते नाकारू नये. ज्यावर त्या माणसाने कृपेच्या बळावर मात केली, ते अभिमानाने सांगावे. आणि जे केवळ आपल्यालाच माहीत आहे, ते देवापुढे प्रार्थनेत ठेवावे, माणसांपुढे नव्हे.

६. देणे फेडणे हीही आठवण

खऱ्या आठवणीतून कधी कधी एक अवघड कर्तव्य निघते. आपल्या वसईत जमिनीचा भाव वाढला तसे भावाभावांतले वाद वाढले. एखाद्याने बांध कोरला, बहिणीला न सांगता कागदावर अंगठा घेतला, उसने घेतलेले परत केले नाही आणि तो मरून गेला. वारसांना हे ठाऊक असते. अशा वेळी वडिलांच्या नावाने दरवर्षी मिस्सा सांगायची आणि आत्याशी बोलायचे नाही, ही कसली आठवण?

अन्यायाने घेतलेली वस्तू परत करावी, आणि जाणूनबुजून तिचा लाभ घेणाऱ्यानेही भरपाई करावी, ही ख्रिस्तसभेची स्पष्ट शिकवण आहे (कॅथलिक धर्मशिक्षण, परिच्छेद २४१२). जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आले (लूक १९:१-१०). आपल्या वडिलांना ते जमले नसेल, तर त्यांच्यासाठी ते आपण करू शकतो. आम्हांला वाटते, कबरीवर उंची संगमरवर बसवण्यापेक्षा अशी समेटाची एक भेट वडिलांच्या आत्म्याला जास्त थंडावा देईल.

७. नोंदवहीत काय उरते?

ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात मृतांची नोंदवही ठेवावी लागते आणि दफनानंतर तिच्यात नोंद करावी लागते (कलमे ५३५ व ११८२). नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख. एका ओळीत ऐंशी-नव्वद वर्षे मावतात. ती ओळ आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांची आठवण पुस्तकांत राहते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूकडे गेले, पण त्यांचे ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती आहे. पहाटेच्या गाडीने भाजीची आणि फुलांची टोपली घेऊन दादरला जाणाऱ्या आजीने काय लिहून ठेवले? तिने त्या टोपलीवर मुलांची शिक्षणे केली. रहाटाच्या विहिरीवर केळीचे आणि पानवेलीचे शिंपण कसे होई, सुकेळी कशी वाळवत, लग्नात कोणती गाणी म्हणत, हे तिच्या तोंडी होते. सामवेदी आणि वाडवळी बोलीतले कितीतरी शब्द तिच्याबरोबर कबरीत गेले. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली आणि त्यानंतर मिस्सा हळूहळू लोकभाषेत आली. ज्यांनी लहानपणी लॅटिनमधून उत्तरे दिली, ते वेदीसेवक आज सत्तरीच्या पुढे आहेत. नव्या मिस्साकडे आपल्या लोकांनी पहिल्यांदा कशा नजरेने पाहिले, हे तेच सांगू शकतात.

बेनसिरा पूर्वजांची स्तुती करताना एक मार्मिक गोष्ट सांगतो. काहींचे नाव मागे राहिले, तर काहींची आठवणच उरली नाही, जणू ते जन्मालाच आले नव्हते. आणि तरीही त्यांचा धर्मभाव व्यर्थ गेला नाही, तो त्यांच्या वंशजांत राहिला. आज आपण मिस्साला बसतो ती त्या अनामिकांची पुण्याई आहे. देव त्यांना विसरलेला नाही. विसरण्याचा धोका आपल्याला आहे.

८. जिवंतपणी विचारा

मृत्यूनंतर आठवण करणे सोपे जावे म्हणून जिवंतपणी ऐकावे लागते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो येशूच्या आजी-आजोबांच्या, म्हणजे संत योआकीम व संत अॅना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, जुलैच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. पण वर्षातला एक रविवार पुरत नाही. आजारी वृद्धांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा औषधांच्या डब्या जागेवर असतात, अंथरूण स्वच्छ असते, सगळी व्यवस्था चोख असते. मात्र कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आम्हांला सोडवत नाही, कारण त्यांचे ऐकायला दिवसभरात कुणी बसलेले नसते. जो ऐकला गेला नाही, त्याची आठवण पुढे कुठून काढणार?

या महिन्यात काय करावे?

• ८ नोव्हेंबरपूर्वी कुटुंबाने मिळून दफनभूमीला भेट द्यावी. मुलांना कबरीवरचे नाव वाचायला लावावे आणि त्या माणसाची एक खरी गोष्ट तिथेच सांगावी.

• एका दिवंगत आजी किंवा आजोबांविषयी एक पान लिहावे : जन्म, काम, श्रद्धा, एक अडचण, एक चूक जिच्यातून ते सावरले, आणि त्यांच्या तोंडी असलेला एक शब्द. ते पान घरच्या बायबलमध्ये ठेवावे.

• मिस्साच्या हेतूसाठी नाव देताना क्षणभर थांबावे आणि त्या माणसाला काय हवे असेल, याचा विचार करावा. कृतज्ञता? क्षमा? कुणाशी समेट?

• शेजारच्या घरातील एका वृद्धाकडे अर्धा तास बसावे. मोबाईल बाजूला ठेवावा.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. यहूदा मक्काबीने सैनिकांचे पाप लपवले असते, तर काय गमावले असते?

२. आपल्या विभागात गेल्या वर्षभरात कोणते वयस्कर जन प्रभूकडे गेले? त्यांच्याविषयी, नोंदवहीत नसलेली, कोणती गोष्ट आपण सांगू शकतो?

३. आपल्या मृतांच्या वतीने एखादे देणे फेडायचे राहिले आहे का? (याचे उत्तर मोठ्याने देण्याची गरज नाही.)

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या आधी श्रद्धेने जगलेल्या आणि तुझ्याकडे आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना तू जसे होते तसे ओळखतोस. त्यांच्या कष्टांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या चुकांची त्यांना क्षमा कर. त्यांनी आम्हांला दुखावले असेल तर ते विसरण्याआधी माफ करण्याचे बळ आम्हांला दे, आणि आम्ही त्यांना दुखावले असेल तर आमच्यावर दया कर. त्यांना तुझ्या शांतीत विसावा लाभो आणि तुझ्या घरी आमची पुन्हा भेट होवो. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.